सासऱ्यांच्या थडग्यावरचा कावळा

टोकियोतल्या फुनाबोरीहून निघाले तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. माझा जपानी नवरा कावासाकीच्या ऑफिसात अडकलेला. त्यामुळे सासूबाईंना घेऊन त्यांच्या गावी जायचं आणि "घराण्याचं थडगं आम्ही टोकियोला हलवतोय" हे तिथल्या देवळातल्या भिक्षूंना सांगायचं, हे काम माझ्या गळ्यात. भूकंपात घर पडल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. थडगं हलवायला त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. मला मात्र घाई होती. दर ओहिगानला (इकडचा पितृपंधरवडाच म्हणा, पण वर्षातून दोनदा) एवढी यातायात कोण करणार?

शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, मला चैन पडेना. मुलगी मियो कानात इअरफोन घालून गप्प. सासूबाई ओहागीचा (गोड पुरणात लपेटलेला भाताचा लाडू) डबा मांडीवर धरून गप्प. सेंदाईला उतरलो तर डोळ्यांदेखत बस गेली! पुढची येईपर्यंत मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

गावात भात पिवळा पडला होता, बांधांवर लाल फुलं होती आणि निम्म्या घरांना कुलपं होती. भिक्षूंनी चहा दिला.

"हा खांब बघा," ते म्हणाले. "देऊळ जळालं तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या पणजोबांनी स्वतःच्या रानातलं झाड दिलं होतं."

मी "हो का" म्हणून चहाच पीत राहिले. थडगं हलवायचा विषय काढलाच नाही.

भूकंपात आडवं झालेलं थडगं आता नीट उभं केलंय, फक्त एक कोपरा उडालाय. दगडावर पाणी घातलं, उदबत्ती लावली. एरवी हे सगळं सासूबाई करतात. आज त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून ओहागी मी ठेवली, मागे सरकले आणि सवयीनं झाडाकडे बघत हात जोडून उभी राहिले.

"उचला, उचला!" भिक्षू धावत आले. "नाहीतर कावळे येतील!"

"अहो, आमच्या पुण्याला आम्ही कावळ्यासाठीच ठेवतो!" मी बोलून गेले.

सासूबाई वळल्या. "आणि तो आला नाही तर?"

"तर गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी शब्द द्यायचा."

देवदारावर एक कावळा होता. नुसता बघत होता, मेला. भिक्षू पुढे झाले, तर सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. दगडाला टेकून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही इथंच राहा. मीही इथंच येणार आहे."

कावळा उतरला, ओहागी घेऊन गेला. सासूबाई लहान पोरीसारख्या हसल्या. माझ्याच कावळ्यानं माझा बेत मोडला. नवऱ्याला काय सांगू कळेना, पण खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरलं. भिक्षूंना मी एवढंच म्हटलं, "वसंतातल्या ओहिगानला येतो."

परतीच्या गाडीत सासूबाई रिकामा डबा धरून झोपल्या. मियोनं इअरफोन काढले आणि जपानीत विचारलं, "आई, तुझ्यासाठी कावळा कुठं बघायचा? इथं, की पुण्याला?"

"गप गं, काहीतरीच!" मी म्हटलं.

तिनं इअरफोन परत घातले नाहीत. टोकियो आलं तरी ती माझ्याकडे बघत होती.