काच फिरवून बघा

ओतोकार प्रेमुझिचला इलित्सा रस्त्यावरचे निम्मे लोक 'उमराव' म्हणायचे. त्यात कौतुक चिमूटभर आणि टवाळी पसाभर. उमराव कसला! जन्मभर झाग्रेब शहरात सहा नंबरची ट्राम चालवलेला माणूस. बाप सुतार, आजा वीटभट्टीवर. पण निवृत्त झाल्यावर ओतोने उजव्या डोळ्याला मोनोकल, म्हणजे जुन्या काळातला तो एका डोळ्याचा गोल चष्मा, लावायला सुरुवात केली आणि लोकांना विषय मिळाला. मोनोकल लावणारा माणूस एकतर उमराव असतो नाहीतर खलनायक, ही सिनेमे बघून झालेली सगळ्यांची पक्की समजूत. खलनायक व्हायला लागणारी आतली आग ओतोकडे नव्हती, त्यामुळे तो उमराव झाला.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीतून झाली. साठीला टेकल्यावर त्याच्या उजव्या डोळ्याला जवळचं दिसेना. डावा ठणठणीत होता. चष्मा केला, तर नाकावर वळ उठायला लागले. एक चष्मा त्याच्याच बुडाखाली चिरडला, दुसरा सूप ढवळताना पातेल्यात पडला. तेवढ्यात एका रविवारी तो ब्रिटिश चौकात गेला. तिथे आठवडाभर भाजी विकतात आणि रविवारी त्याच ओट्यांवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एका टेबलावर बटणं, पदकं आणि कुणाच्या तरी कवळीच्या गराड्यात शिंगाच्या कड्यातली एक गोल काच पडली होती. ओतोने ती गंमत म्हणून डोळ्याला लावली आणि हात काढून घेतला. काच खाली पडलीच नाही. त्यातून समोरच्या पदकावरची बारीक अक्षरंही त्याला वाचता आली.

"राहिली की हो!" टेबलामागची बाई म्हणाली. "गेली कित्येक वर्षं लोक ती लावून बघतायत. कुणाच्याच तोंडावर राहत नव्हती."

"माझं तोंडच तसलं आहे," ओतो म्हणाला.

ती बाई म्हणजे ल्येर्का हाबुश. जुने चष्मे, दुर्बिणी, नाटकाला न्यायच्या छोट्या दुर्बिणी, असला सगळा डोळ्यांचा माल तिच्याकडे असायचा. त्या दिवसापासून ओतोचा रविवार तिच्या टेबलापाशी सुरू व्हायचा. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ओतो घासाघीस करायचा भरपूर. हळूहळू घरातला एक खण मोनोकलांनी भरला. कासवाच्या पाठीचं कडं, चांदीचं कडं, कडंच नसलेल्या आणि धरायला सोपं जावं म्हणून काठाला बारीक खाचा पाडलेल्या काचा. बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. पण प्रत्येक जुनी काच कुणा एकाच्या डोळ्याच्या खोबणीच्या मापाने केलेली. लहान असली तर निसटते, मोठी असली तर गालाला टोचते. खणातल्या मोजक्याच ओतोला बसायच्या. बाकीच्या तो नुसत्या पुसून ठेवायचा, कारण टाकून द्यायला त्याचा जीव होत नसे.

लोकांना वाटतं मोनोकल भुवई चढवून धरतात. साफ चूक. भुवई चढली की काच पडलीच. चेहरा सैल सोडायचा, गालाने हलकेच आधार द्यायचा आणि डोकं शांत ठेवायचं. राग आला की काच पडते, खदखदून हसलं की पडते. ओतोची मुलगी आयर्लंडला असते. ती फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही ती काच लावायला लागल्यापासून किती शांत झालात हो!" ओतो म्हणायचा, "शांत कुठला, घाबरून असतो. खाली फरशी आहे."

बाजार आवरला की ल्येर्काबाई, ओतो आणि तिबोर गालियान असे तिघे कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसत. तिबोर संगीतशाळेतला निवृत्त मास्तर. त्याच्याकडेही चार मोनोकल होते, पण जिभेला हाड नसल्यामुळे त्याच्या डोळ्यावर एकही फार वेळ टिकत नसे. त्यांचा एक रिवाज ठरून गेला होता. नवी घेतलेली काच टेबलाभोवती फिरायची आणि ज्याने त्याने ती लावून वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान वाचून दाखवायचं. सगळ्या पेपरात त्याहून बारीक अक्षरं कुठे नसतात. शिवाय आमच्याकडे ते पान प्रत्येक जण आधी वाचतोच, नुसतं कबूल करत नाही.

"काल गेलेले सगळे नीट वाचता आले म्हणजे काच चांगली," तिबोर म्हणायचा. "आणि आपलं नाव दिसलं तर काच फारच चांगली."

त्या वर्षी हिवाळा सरता सरता ओतोच्या काचा बिघडायला लागल्या. आधी एकीत काळे ठिपके दिसू लागले, चुलीतली काजळी उडावी तसे. ओतोने हरणाच्या कातड्याने काच पुसली, कोमट पाण्याने धुतली, पुन्हा पुसली. ठिपके जाईनात. जुन्या काचेत बुडबुडे असतात, वर्षानुवर्षांनी ती आतून मळते, हे गोळा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याने ती परत नेऊन दिली. ल्येर्काबाईंनी ती घेतली आणि दुसरी दिली. दुसरीच्या कडेला अधूनमधून वीज चमकल्यासारखी चमक दिसायची. कड्यावर उजेड पडत असेल, म्हणून तीही परत गेली. तिसरीतही तेच ठिपके. तीही गेली. दर खेपेला ल्येर्काबाई काच कापडात गुंडाळून घरी नेत आणि दिव्यासमोर धरून बघत.

काच काढून नुसत्या डोळ्याने बघावं, हे त्याला सुचलं नाही का? नाही सुचलं. काच नसली की दोन्ही डोळे उघडे, आणि डावा डोळा उजव्याचं सगळं उणं भरून काढी. काच लावून वाचताना मात्र डावा मिटलेला असायचा. त्यामुळे काच लावली की बिघाड, काढली की सगळं छान. मग दोष कुणाचा? काचेचा! माझ्या मते एवढी पटणारी चूक फक्त मोनोकलवालाच करू शकतो.

मार्चमधल्या एका रविवारी त्याने चौथी काच घेतली. सोनेरी कड्याची, सुरेख. तिघे कॉफीला बसले, पेपर आला. ओतोने काच लावली आणि वाचायला लागला. ओळीचा शेवट त्याला दिसेना. खालच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, एक राखाडी सावली बसली होती आणि मेलेल्या लोकांची आडनावं तिच्यात बुडत होती.

"अहो उमराव, थांबलात का?" तिबोर म्हणाला. "कुणी ओळखीचं गेलं का?"

"काच खराब आहे," ओतो म्हणाला.

"परत? नाचता येईना अंगण वाकडं! चार काचा झाल्या, ओतो. जुन्या काचांनी तुझ्याविरुद्ध कट केलाय का?"

आणि एरवी मुंगीलाही 'सरक' न म्हणणारा ओतो ताडकन उठला. काच डोळ्यातून निसटून बशीत पडली. "ल्येर्काबाई, तुम्ही मला कचरा विकताय! इतकी वर्षं येतोय मी तुमच्याकडे. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं वाटलं होय? माझ्या गळ्यात काहीही बांधा, चालतंय!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईचा केकचा चमचा तोंडाशीच थांबला.

ल्येर्काबाईंनी बशीतली काच उचलली आणि पदराने पुसावी तशी स्कार्फच्या टोकाने पुसली. त्यांचा चेहरा अरुंद, काच त्यांना बसत नसे. त्यांनी ती बोटांत धरली आणि निधनवार्ता वाचून दाखवली, आडनावासकट, अंत्यविधीच्या वेळेसकट.

"पाठ असेल तुम्हाला," ओतो म्हणाला. तो अजून उभाच होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "बसा आधी. लावा काच. डावा डोळा मिटा. आता पान हलवू नका, डोकं हलवू नका, एकाच शब्दाकडे बघा. सावली कुठे आहे?"

"खाली. नाकाकडे."

"आता दोन बोटांनी काच फिरवा. झाकण फिरवतो तशी, जागच्या जागी. ओरखडा शोधायचा असला की मी हेच करते. काचेतला डाग काचेबरोबर फिरतो."

ओतोने काच फिरवली. पाव फेरा, अर्धा फेरा. सोनेरी कडं गालावर गरगर सरकलं. सावली मात्र खाली नाकाकडेच राहिली, हलली नाही.

त्याने पुन्हा फिरवली. मग उलट्या बाजूने. मग त्याचा हात मांडीवर पडला.

"काच फिरली ना?" ल्येर्काबाई हळूच म्हणाल्या. "सावली नाही फिरली. तुमच्या परत आलेल्या तिन्ही काचा मी घरी बघितल्या, ओतो. एकीतही काही नाही. उठा. कोट घाला."

"उद्या डॉक्टरांकडे जाईन."

"उद्या नाही, आत्ता. आज डोळ्यांचा तातडीचा विभाग कुठे उघडा आहे ते तिबोर विचारेल. फोनवर तरी त्याची जीभ कामाला येऊ दे."

आवरलेलं टेबल आणि मालाच्या पेट्या, सगळं बाजारातल्या शेजारच्या घड्याळवाल्यावर सोपवून त्या ओतोबरोबर ट्राममध्ये बसल्या. सहा नंबरच होती. ओतो जन्मभर ज्या रुळांवरून गेला, त्याच रुळांवरून हाताखाली ट्रामचा दांडा नसलेला प्रवासी होऊन चालला होता. मध्येच तो म्हणाला, "माझा बाप शेवटची वर्षं आंधळा होता. शेगडीजवळ बसायचा. लाकूड हातात घेऊन वासावरून सांगायचा, अक्रोड का बीच. आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याला ते आवडत नसे, हे मला आत्ता कळतंय." ल्येर्काबाईंनी त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. ठिपके, चमक, सावली, सगळ्या त्याच्याच खुणा. "दोन-तीन दिवसांत मधला भागही गेला असता," तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोक फार उशिरा येतात. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा झाकून घेतो. तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं?" ओतोने खिशातून मोनोकल काढून दाखवला. त्या हसल्या नाहीत. उलट हातात घेऊन फिरवून बघितला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि पडदा चिकटावा म्हणून कित्येक दिवस मान खाली घालून राहायला सांगितलं. झोपायचं पालथं, बसायचं खाली बघत, जेवायचंही तसंच. घरी त्याला जग म्हणून फक्त फरशी दिसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. तिबोर तपकिरी बूट घालून यायचा आणि निधनवार्ता मोठ्याने वाचायचा, मध्येच स्वतःच्या सासूचं नाव घालून. ल्येर्काबाई निळे बूट घालून श्ट्रुकली, म्हणजे चीज भरलेल्या पिठाच्या गरम वळकट्या, घेऊन यायच्या आणि ताटली सरळ जमिनीवर, त्याच्या नजरेखाली ठेवायच्या.

"कुत्र्याला वाढल्यासारखं वाढताय," ओतो फरशीला म्हणायचा.

"कुत्रा गुरगुरत नाही ना आता? मग पुरे."

त्या दिवसांत ओतो मनातल्या मनात आभार मानत राहिला. डॉक्टरीणबाईंचे, तिबोरचे, घड्याळवाल्याचे, काच घडवणाऱ्या कुणा अनोळखी कारागिराचे. निळ्या बुटांचे मानायला मात्र त्याला जमेना. भर दुकानात त्या बाईला त्याने चोर ठरवलं होतं, आणि ते शब्द तोंडातून परत घ्यायचे तर मान वर करून घ्यायला हवेत, असं त्याला वाटे. मान वर करायची तर बंदी होती.

बुडबुडा विरायला एप्रिल संपला. मेच्या पहिल्या रविवारी तो ब्रिटिश चौकात गेला. डोळ्याला काच नव्हती. नवा नंबर ठरेपर्यंत लावायची नाही, असं बजावलं होतं. उमराव आज साधेच कसे, म्हणून दोघातिघांनी हटकलं. तो थेट ल्येर्काबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला, तळहाताने डावा डोळा झाकला आणि उजव्या, वाचलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या ध्यानात आलं, इतक्या वर्षांत त्याने या बाईचे हात बघितले होते, टेबल बघितलं होतं, फरशीवरचे बूटही बघितले होते. चेहरा असा कधी बघितलाच नव्हता.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळं. थोडं वाकडं दिसतंय."

"मी आहेच वाकडी."

ओतोला हसू आलं. "ल्येर्काबाई, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ते..."

"बोललात ते बोललात."

"नाही, ऐका. तुमच्यामुळे मला दिसतंय. जन्मात फेडता येणार नाही असे उपकार आहेत. पण मला एक सांगा. मी चारचौघांत एवढा ओरडलो तुमच्यावर. दुसरी कुणी असती तर पेटी उचलून निघून गेली असती. तुम्ही का थांबलात?"

ल्येर्काबाईंनी हातातली दुर्बीण खाली ठेवली.

"तुम्ही ओरडलात म्हणूनच," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्ही भावावरून भांडलात, पण आवाज कधी चढवला नाहीत. मला वाटलं, हा माणूस माझ्यावर चिडलेला नाही. हा घाबरलाय. आणि घाबरलेल्या माणसाला एकटं सोडून कसं जायचं?"

भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, ओतोने डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि दोन्ही डोळ्यांतून वाहणारं पाणी पुसलंच नाही.

"हो," तो म्हणाला. "फार घाबरलो होतो."