बिनपुठ्ठ्याची कादंबरी

रद्दीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला ‘ठिणगी’ म्हणायचं, हा विनोद तिच्या काकांचा. मुलीच्या नाकावर राग आणि दुकानभर कागद. काका आले की दारातूनच विचारायचे, “काय, दुकान शाबूत आहे ना?” सगळे हसायचे. ती हसायची नाही, म्हणून आणखी हसायचे. मुलगी का चिडली हे विचारण्यापेक्षा तिला टोपणनाव देणं केव्हाही सोपं.

दुकानात कामाची एक रीत होती. पुस्तक आलं की आधी पुठ्ठा फाडायचा. कागदाच्या गिरणीला पुठ्ठा वेगळा लागतो, आतला कागद वेगळा. दोन्ही एकत्र गेले तर अख्खा गठ्ठा परत येतो. बाबांचा हात असा बसलेला की एका हिसक्यात पुठ्ठा खाली पडायचा, आणि त्याच्याबरोबर पुढची-मागची चार-सहा पानंही. ठिणगी आठ वर्षांची असल्यापासून फाडायला बसायची आणि फाडता फाडता वाचायची. त्यामुळे तिने कादंबऱ्या ढिगाने वाचल्या होत्या, पण एकीचंही नाव तिला ठाऊक नव्हतं की एकीचाही शेवट. शिकल्यासवरल्या घरांत उलटं असतं. तिथे नावं सगळी पाठ असतात.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं, त्या उन्हाळ्यात तिला ‘ती’ कादंबरी मिळाली. नवव्या पानापासून सुरू होणारी. त्यातली बाई टेलिफोनच्या कचेरीत काम करायची आणि पहिल्या ओळीपासून चिडलेली असायची. ठिणगी वजनकाट्याच्या पाटावर बसून वाट बघत होती, की आता हिला कुणीतरी समजावणार, आता ही रडणार, आता माफी मागणार. दोनशे पानं झाली तरी लेखिकेने तिला माफी मागायला लावली नाही. लेखिकाच असणार, हे ठिणगीने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. एका पानावर ती बाई भावाला म्हणते, “मला दिसतं म्हणून मला राग येतो. तुला दिसत नाही, म्हणून तू शांत.”

ते पान ठिणगीने तीनदा वाचलं. तिला आठवलं, आई तापाने फणफणलेली असताना काका आणि आत्या तिला उठवून इस्त्रीचे कपडे मागत होते, तेव्हा दहा वर्षांच्या ठिणगीने ते कपडे उचलून अंगणात फेकले होते. पोरीचा राग बघा, असं सगळे म्हणाले. आईला झोपू द्या, असं एकजणही म्हणाला नाही. आपण मुळातच वाईट आहोत, असं ती तेव्हापासून धरून चालली होती. काट्यावर बसल्या बसल्या ते तिच्या मनातून गेलं आणि त्या जागी नुसता संताप आला. इतकी वर्षं फुकट गेल्याचा.

कॉलेज उघडल्यावर साहित्याच्या सरांना सुट्टीतल्या वाचनावर निबंध द्यायचा होता. त्यावरून ते दुसऱ्या वर्षाच्या खास वर्गासाठी पंधरा जण निवडणार होते. ठिणगीला दुसरं काही नको होतं, त्या वर्गात बसायचं होतं. तिने एका बैठकीत आठ पानं लिहिली. पण निबंधाच्या वर पुस्तकाचं नाव हवं होतं.

बाबांनी पुठ्ठ्यांचा ढीग उपसला. एक पुठ्ठा काढून त्यांनी कादंबरीच्या फाटक्या कडेला लावला. “हाच. माझी फाड मी ओळखतो. तीस वर्षं झाली.”

पुठ्ठ्यावर जहाज होतं. कादंबरीत समुद्र सोडा, साधी विहीरसुद्धा नव्हती. पण बाबांचा चेहरा असा फुलला होता, आणि तिला वर्ग इतका हवा होता, की तिने जहाजाच्या पुठ्ठ्यावरचं नाव लिहून टाकलं.

सरांनी जहाजाची कादंबरी वाचलेली होती. भर वर्गात ते म्हणाले, “पुस्तक न उघडता आठ पानं लिहिणारी विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच भेटली.” वर्ग हसला. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच दुकानात आली, कादंबरीची पानं नेऊन सरांच्या टेबलावर आपटायला.

“ती होय? तुझं लिहून झालं ना, म्हणून घातली गठ्ठ्यात,” बाबा म्हणाले. “सकाळीच ट्रक गेला.”

“मला विचारायचं तरी होतं, बाबा.”

“रद्दीला काय विचारायचं?”

दुसऱ्या दिवशी ती हात हलवत सरांकडे गेली आणि तिने अख्खी कादंबरी सांगितली. टेलिफोनच्या वायरी, भाऊ, उरलेल्या शेवटच्या पानावर दाराच्या कडीवर थांबलेला त्या बाईचा हात, सगळं. सरांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. शेवटी ते हसले. “छान रचलंयस. अशी कादंबरी असती तर मला माहीत असती. रचलं म्हणून एक ओळ लिहून दे, मी तुला वर्गात घेतो. कल्पनाशक्ती आहे तुझ्याकडे.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि माणूस वाईटही नव्हता, म्हणून तर तिला जास्त चीड आली. एका ओळीत वर्ग मिळत होता. फक्त ती बाई नव्हतीच, असं म्हणायचं होतं.

“वरचं नाव खोटं आहे, ते लिहून देते,” ती म्हणाली. “आतलं खरं आहे. ते नाही लिहून देणार.”

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं.

बाबांनी सगळं ऐकलं. “एका ओळीचं तर काम होतं,” ते पुटपुटले. ती पुठ्ठे फाडायला बसली आणि इतक्या जोराने फाडू लागली की बाबा तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढचं पुस्तक उचललं, सवयीने पुठ्ठ्यात अंगठा खुपसला आणि थांबले. पुस्तक तसंच तिच्यापुढे धरलं.

“फाडू?”

तीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

“थांबा,” ती म्हणाली. अजून चिडलेलीच होती. तिने पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि आधी नाव वाचलं.