फक्त गळे

लोकरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी राहायच्या, दोघीही बिनलग्नाच्या. स्वेटरची पाठ, पुढा, बाह्या थोरली विणायची, गळा धाकटीचा. खांदे जोडून झाले की थोरली स्वेटर तिच्या मांडीवर टाकायची, "घे, आता तू आणि तुझा गळा." धाकटी कडेचे टाके एकेक करून सुईवर उचलायची, एक सुलट एक उलट अशी पट्टी विणायची आणि आत दुमडून सैल हाताने टाचायची. तिच्या गळ्यात कुणाचं डोकं अडलं नाही, की पट्टी कधी लोंबली नाही. लोक तिला गळेवालीच म्हणत.

साठीला टेकल्यावर थोरलीने लग्न केलं. नवरा घड्याळजी, विधुर. माप द्यायला आला तो येतच राहिला.

"माणसाचं माप इतक्यांदा बदलतं का गं?" धाकटीने विचारलं. थोरली लाजली, तेव्हा हिला काय ते कळलं.

थोरली त्याच्या गावी गेली आणि मांडीवर स्वेटर पडेनासे झाले. खालच्या दुकानदारीणबाई एखादा अर्धवट स्वेटर वर पाठवायच्या, तेवढाच. घरात बोलायला कुणी उरलं नाही; एकदा दूधवाल्याला हिशेब सांगताना धाकटीचा आवाजच फुटेना.

हिवाळ्यात दोघं भेटायला आली. भावोजींच्या अंगात थोरलीने विणलेला राखाडी स्वेटर होता. गळ्याला चुण्या, पट्टी आवळलेली.

"मीच केला गळा. कसा झालाय?"

"बरा आहे."

"खोटं नको बोलूस. घालताना यांचे कान सोलून निघतात."

"काढा, भावोजी," धाकटी म्हणाली. "आत्ता करून देते."

भावोजी शाल पांघरून बसले. तिने पट्टी उसवली, टाके नव्याने उचलले. शेजारी थोरली नव्या घराचं, तिथल्या शेजारणींचं सांगत होती. काम उरकूच नये असं धाकटीला वाटत होतं, पण हात सवयीने पळत राहिले. भावोजींचं डोकं गळ्यातून अलगद बाहेर आलं.

"राहतेस दोन दिवस?"

"दुकान बंद ठेवून आलेत गं हे."

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली जाऊन अख्ख्या स्वेटरची लोकर घेऊन आली, स्वतःसाठी. पाठ दोनदा उसवावी लागली. बाहीचे टाके कुठे घटवायचे, हे ती थोरलीला फोन करून विचारायची. पुढे पुढे स्वतःला येत असलेलंही विचारायला लागली. थोरली न कंटाळता सांगायची.

स्वेटर पुरा झाला तेव्हा उन्हाळा लागला होता.