कुंकू कुठं लावायचं

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढचं आयुष्य ट्रकवर काढलं. दसऱ्याला ट्रक धुवायचा, झेंडूचा हार घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबं ठेवायची. यात मी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आल्यापासून मात्र, काका हे करू नका, ते करू नका, एवढंच ऐकतोय. काय करायचं ते मला कुणी विचारत नाही. म्हणून शेजारच्या नागपूरच्या मुलीनं, म्हणजे बाईच ती, चाळिशी ओलांडलेली, "काका, गाडी घेतलीय, पूजा तुम्हीच सांगा," असा निरोप धाडला तेव्हा मी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला. ही पूजा चुकून चालणार नव्हतं.

गाडी इटलीची, लालभडक, माझ्या कमरेइतकी उंच. मी ताट घेऊन थेट तिच्या नाकाशी गेलो.

"बॉनेट उघड. आधी इंजिनाला कुंकू."

तिनं उघडलं. आत एक पिशवी मावेल एवढा खड्डा.

"इंजिन कुठाय?"

"मागे आहे काका. ही डिक्की."

तिचा नवरा हसला. "राहू द्या काका, डिक्कीची पूजा केली की शॉपिंगला बरकत येईल."

माझं डोकं सणकलं. "इंजिन मागं तर पूजा मागं. कुंकू इंजिनालाच लागणार."

"पण काका, आईला समोरून फोटो पाठवायचाय."

"पूजा गाडीची आहे, फोटोची नाही."

ती चिडली नाही. फोन काढून माझ्याशेजारी उभी राहिली. "तुमचंही बरोबर आहे. पूर्वी या कंपनीच्या गाड्यांचंही इंजिन पुढेच असायचं. हे बघा."

तिनं एकेक चित्र दाखवलं. सगळ्यात जुन्या गाड्या लांब नाकाच्या, इंजिन पुढं, माणूस पार मागं, जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. मग कुणीतरी इंजिन आडवं करून माणसाच्या पाठीशी ठेवलं. त्यानंतरची गाडी म्हणजे लाकूड फोडायची पाचर, दारं वर उघडणारी. मागचं काही दिसायचं नाही म्हणून दार वर करून, उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून ती रिव्हर्स घ्यायचे म्हणे. हे मला पटलं. एवढ्या मोलाच्या गाडीलाही क्लीनर लागतो, "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा. पुढं पुढं गाड्या रुंद झाल्या, मागं मोठे पंख आले, क्लचचा पाय गेला, गिअर बोटावर आले, आणि उंबऱ्यावर बसायचं काम कॅमेऱ्यानं घेतलं.

मी दोनदा मागंपुढं करून ती चित्रं पाहिली. आपल्याकडे ओढणारा नेहमी पुढं. बैल पुढं, ट्रकचं इंजिन पुढं, घरात बापही पुढं. पाठीमागून ढकलूनही गाडी एवढी पळते हे कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आलं असेल, तेव्हा त्याच्याही घरचे म्हातारे भांडले असतील.

पण शब्द म्हणजे शब्द. मी मागच्या काचेवर, जिच्याखाली इंजिन दिसत होतं, स्वस्तिक काढलं. उदबत्ती ओवाळली, नारळ बाजूच्या सिमेंटवर फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली.

"आता चालू कर."

"चालू आहे काका."

"काय चालू आहे? आवाज कुठाय?"

उत्तराऐवजी गाडी हलली. लिंबं फचाफच फुटली आणि ती मांजरासारखी गॅरेजमधून ड्राइव्हवेवर आली. मी मागच्या काचेला हात लावून बघितला. गार. इंजिन झोपलेलं होतं आणि गाडी चालत होती.

"ही बॅटरीवर पण चालते," नवरा म्हणाला. या वेळी हसला नाही. "तेव्हा पुढची चाकं ओढतात. पुढे दोन मोटर आहेत."

म्हणजे एवढं सगळं फिरून ओढणारा परत पुढं आला होता, आणि मी कुंकू लावलं होतं झोपलेल्याला.

ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी म्हणेन ते ती ऐकणार होती, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मी चुकलो असं तोंडानं म्हणणं मला आयुष्यात जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही.

"थांब," मी म्हटलं. "अर्धी पूजा राहिलीय."

गुडघ्यावर हात ठेवून वाकलो आणि नाकावर दुसरं स्वस्तिक काढलं. नवऱ्यानं तोंड उघडलं, तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. मग तिनं खाली उतरून समोरून फोटो काढला, मला शेजारी उभं करून.

"काका, दसऱ्याला पण तुम्हीच याल ना?"

"बघतो," मी म्हटलं. "त्या दिवशी मोकळा असलो तर येईन."