टपावरची थाप

ओआहाका शहराहून येणारी बस हमरस्त्यावरच सोडते. तिथून समुद्राकाठच्या आमच्या गावात यायला फिदेन्सिओकाकांची पिकअप. मागं बाकड्यावर बसायचं आणि उतरायचं असलं की टपावर दोनदा थाप मारायची. तीस वर्षांत काकांनी कुणाला भलत्या जागी उतरवलेलं नाही.

त्या दिवशी सकाळीच माझं नवऱ्याशी वाजलं होतं. दिवसभर नाक्यावर मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकले आणि परतताना ठरवलं, आज बहिणीकडं उतरायचं. तिचं घर माझ्या आधी लागतं. तिच्या दारच्या चिंचेपाशी थाप मारली, गाडी थांबेना. शेवटी चपलेनं टप बडवला. गाडी थांबली ती थेट माझ्या दारात.

मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "बहिरे झालात का?"

काका माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चार वर्षं झाली, आउरेलिया. कुणाला बोलू नकोस. चढताना तोंड बघतो, कोण कुठं उतरतं ते पाठ आहे मला."

मी कुणाला बोलले नाही. आता बहिणीकडं उतरायचं, तर आधी त्यांच्यासमोर उभं राहून तसं सांगावं लागेल. ते अजून सांगितलेलं नाही.