चौदा नंबरचा अलर्ट

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी हसून विषय बदलते. माझी नोकरीच अशी आहे — स्क्रीनवर दिसतं तेवढंच खरं. तरी हे लिहितेय, कारण घरी सांगून बघितलं, कुणी धड ऐकून घेत नाही...

अंजूरच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये मी डिलिव्हरीच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर लक्ष ठेवते. प्रत्येक गाडीत एक छोटा बॉक्स असतो. बॅटरी तापायला लागली की तो नेटवर्कवरून आमच्या स्क्रीनवर अलर्ट पाठवतो, गाडी कुठे उभी आहे तेही दाखवतो. आग लागायच्या आत माणूस बाहेर पडावा, एवढ्यासाठीच.

त्या दुपारी चौदा नंबरचा अलर्ट आला. लालभडक. जागा — आमचीच चार्जिंगची शेड.

मला आधी रागच आला. चौदा नंबर केव्हाच भंगारात गेली होती. तिचा बॉक्स काढून माझ्याच कपाटात ठेवलेला, वायरी तुटलेल्या. ड्रायव्हर लोक माझी मस्करी करतायत असं वाटून मी तरातरा शेडमध्ये गेले.

तिथे एकच गाडी चार्जिंगला होती, सहा नंबर. स्क्रीनवर ती एकदम नॉर्मल. तिचे ड्रायव्हर रफिकभाई जेवून गाडीतच मागच्या बाजूला आडवे झालेले.

"रफिकभाई, ये चौदा नंबर का नाटक किसने किया?"

"कसलं नाटक, मॅडम? मैं तो सोया था." ते वैतागून खाली उतरले. "जरा झोपू पण देत नाय..."

तेवढ्यात गाडीखालून शिट्टीसारखा आवाज आला. मग धूर. आम्ही पळत सुटलो. गेटपर्यंत पोचतोय तोच मागे भडका उडाला — ते झोपले होते तीच जागा आधी पेटली. रफिकभाई रस्त्यावर मटकन बसले, माझा हात काही केल्या सोडेनात.

सहा नंबरच्या बॉक्सने शेवटपर्यंत अलर्ट दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बॉक्स बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, जुना डेटा सर्व्हरवर अडकला असेल.

"मग जागा आमची कशी दाखवली? ही शेड तर चौदा नंबर गेल्यावर बांधलीय."

तो कपाटातला बॉक्स उलटसुलट करून बघत राहिला. मला वाटलं, हा नक्की काहीतरी लपवतोय. सहा नंबरमधली खराबी याला आधीच माहीत असणार... उघड बोलता येत नसेल म्हणून यानेच असा अलर्ट पाठवला असेल.

निघताना त्याने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी कुणाला सांगणार नाही. पण खरं बोला... तो अलर्ट तुम्हीच पाठवलात ना?"

मी नाही पाठवला. तो म्हणतो, त्यानेही नाही. मला अजून काहीच कळलेलं नाही. तो खोटं बोलत असावा, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे.