गॅलरीची वरची सळई

आज भरे गावातल्या साइटवर कामगार स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या प्लेटांना काळं ऑइल फासत होते. तो वास नाकात गेला आणि मी मनाने थेट माले गावातल्या आमच्या घराच्या बांधकामापाशी जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आरसीसी डिझाइन नुकतंच शिकले होते, म्हणून घराच्या गॅलरीचं गणित हट्टाने मीच केलं होतं. अधांतरी गॅलरीत सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीट ओतायच्या आधी ती कुणाच्या पायाखाली दबली, तर गॅलरीची ताकदच जाते. आणि स्लॅबच्या दिवशी सकाळी आबा, माझे वडील, पूजेचा नारळ घेऊन अनवाणी नेमके त्याच सळयांवर चढले.

"आबा, उतरा खाली! तुमच्या पायानं गॅलरी पडेल!" सगळ्या कामगारांसमोर मी ओरडले.

"चुकलं बाई," म्हणत ते उतरले. नारळ त्यांनी खाली अंगणातच फोडला.

त्यानंतर आबा अकरा वर्षं जगले, पण गॅलरीत कधी आले नाहीत. मी बोलवायची, तर म्हणायचे, "हितनं बी डोंगर दिसतोय की." मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

ते गेल्यावर आई म्हणाली, "पोरीनं मोजून बांधलीय, माज्या पायानं पडाया नगं, म्हनायचे."

काँक्रीट घट्ट झाल्यावर पायांनी काही होत नाही, एवढं एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ती गॅलरी मी वीस माणसांसाठी मोजली होती.